झिरीचा रंधा

बेंबळीच्या गोरोबा सुताराचं काम चांगलं होतं, आणि ते चांगलं आहे हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. उलट तोच सांगत फिरायचा. "माझ्या हातची चौकट पडली तर समजा, भिंतच पडली. चौकट न्हाय पडत," असं तो गिऱ्हाइकाला सुनवायचा आणि गिऱ्हाईकही मान डोलवायचं, कारण ते खोटं नव्हतं. गावात दुसरे सुतार नव्हते असं नाही, पण गोरोबाच्या लेखी ते लाकूडफोडे होते. एकदा पाटलाच्या दाराची फळी उन्हानं तडकली तेव्हा गोरोबानं दोष सूर्याला दिला. आपल्या कामात खोट आहे, हे वाक्य बायकोनंसुद्धा त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. चांभाराची नजर जोड्यावर, तशी सुताराची लाकडावर. आठवडी बाजारात एका भंगारवाल्याच्या पोत्यात, फुटक्या घमेल्याखाली, गोरोबाला शिसवीचा एक काळा ठोकळा दिसला. त्यानं तो उपसून काढला आणि तिथंच उकिडवा बसला. झिरीचा रंधा होता तो. फळीच्या कडेला लांबच लांब, सरळ खोबण पाडायची आणि तिच्यात दुसरी फळी सरकवायची, यासाठीचा रंधा. असा त्यानं लहानपणी नळदुर्गाकडं एका उस्तादाच्या हातात पाहिला होता, त्यानंतर नाही. पातं गंजून तपकिरी झालेलं, पाचर वाळवीनं खाल्लेली, तळ पिळवटलेला. पण पितळी पट्टी शाबूत होती, आणि पकडायच्या जागी कुणाच्या तरी तळव्यानं लाकूड झिजवून गुळगुळीत केलं होतं.

"कुणाचा रं ह्यो?"

"म्या काय जाणं? एक म्हातारा मेला, त्याच्या सुनंनं समदंच इकलं," भंगारवाला म्हणाला.

घरी आणल्यावर सिताबाईनं तो ओसरीवर चढू दिला नाही. "अवं, मेल्या माणसाचं हत्यार हाय. तळवा उमटलाय बघा त्याचा. खंडेनवमीला पुजल्याबिगर लाकडाला लावू नका, सांगून ठेवते."

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हा गोरोबाचा बाणा. पण हत्याराच्या बाबतीत तो रीत मोडत नसे. अमावास्येला त्यानं लाकूड तासायचा वाकस कधी उचलला नाही, हत्याराला कधी पाय लागू दिला नाही. "बरं बाई, पुजीन," म्हणाला आणि कामाला लागला.

पातं त्यानं घासलेटात बुडवून ठेवलं. गंज सुटला तसा विटकरीच्या भुग्यानं घासलं, मग धारेच्या पाथरीवर घेतलं आणि पाणी घालत, घाई न करता, रोज थोडं थोडं घासत राहिला. शहाबादी फरशीवर वाळू पसरून तिच्यावर रंध्याचा तळ रगडला, पीळ निघेपर्यंत. बाभळीची नवी पाचर केली. शिसवीला करडईचं तेल पाजलं, तेव्हा तिच्यातून असा काही काळा तजेला वर आला की सिताबाईसुद्धा चूल सोडून बघायला आली आणि लगेच परत गेली. तिला तो आवडला नाही. इतकं जुनं काही इतकं नवं दिसावं हे तिला बरं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं नसतं.

धार बघायला गोरोबानं मनगटावरचे केस पात्यानं काढले. अंगठा कधी कापला ते त्याला कळलंच नाही. फरशीवरची वाळू लाल दिसली तेव्हा त्यानं हात वर धरला. दुखत नव्हतं. "याला म्हणत्यात धार," तो हसून म्हणाला. सिताबाईनं हळद दाबली आणि तोंड फिरवलं.

दसऱ्याला लेक-जावई आले. बानू गोरोबाची एकुलती एक लेक. जावई मल्लिनाथ ईट गावचा, चांगल्या सुताराच्या घरातला. पण गावोगाव लोखंडी नांगर आले, लाकडी औतं बसली, तसा त्यानं वाकस खुंटीला टांगला आणि बायकोला घेऊन तेरखेड्याला दारूकामावर, म्हणजे फटाक्यांच्या कामावर गेला. तिथं एका गल्लीत त्याच्यासारखीच नवखी माणसं राहायची. फटाक्यांचा स्फोटक मसाला कालवायचं काम जुन्या जाणत्यांचं. ही मंडळी तो घरी आणून आपटबार भरायची. आपटबार म्हणजे पोरं जमिनीवर आपटतात आणि फाटकन उडतो तो. गोरोबाला हे काम मनातून मुळीच पसंत नव्हतं. सुताराच्या पोरानं कागदाच्या पुड्या बांधाव्यात!

जेवताना बानू बोलून गेली, "आबा, आवंदा लई दमट हाय. मसाला मडक्यात ठेवतो, वर फडकं बांधतो. ओल धरती. निम्मे आपटबार फुसके निघत्यात, मग मालक आमालाच बोलतो."

"मडक्यात?" गोरोबाचा घास हातातच राहिला. "सुताराची लेक आन् मडक्यात ठेवती? जावईबापू, तुमच्या कामात पथ्य काय काय असतंय, सांगा बरं."

मल्लिनाथ हळू बोलणारा. "आग न्हाय, मामा. लोखंड न्हाय. आन् आपटाआपट न्हाय. येवढंच सांगत्यात."

"येवढंच ना?" गोरोबा म्हणाला.

खंडेनवमीला रंध्याला हळदकुंकू, झेंडू, नारळ सगळं यथासांग झालेलं होतंच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं जुनं सागवान काढलं. एक खिळा मारला नाही. कोपरे बोटांत बोटं गुंतवावीत तसे बसवले, बाभळीच्या खुंट्या ठोकल्या. मग झिरीचा रंधा घेतला. फळीच्या कडेवरून तो असा गेला की मागं एक सलग, पातळ सुरळी उलगडत राहिली आणि खोबण आरशासारखी निघाली. तिच्यात झाकणाची फळी सरकवली. बोटानं ढकलली की जायची, ओढली की यायची, आणि बंद झाल्यावर सांधा कुठं आहे ते शोधावं लागायचं.

"मुंगी शिरू दे ह्यात," गोरोबा गुडघ्यावर थाप मारून म्हणाला. "शिरली तर नाव बदलीन."

बानूनं ती पेटी पोटाशी धरली. मल्लिनाथनं झाकण दोनदा सरकवून पाहिलं, खोबणीतून बोट फिरवलं, बोटाकडं पाहिलं. काहीतरी त्याच्या मनात आलं खरं. पण सासऱ्याच्या हातच्या वस्तूला नावं ठेवणारा जावई त्या घराण्यात अजून जन्माला यायचा होता.

"झ्याक झालीया, मामा," तो म्हणाला.

त्यावर गोरोबाला इतका उमाळा आला की त्यानं तो रंधाच जावयाच्या हातावर ठेवला. "घ्या. तुमच्या घराण्याचं काम हाय हे. पुड्या बांधता बांधता हात मरू देऊ नका." मल्लिनाथचे डोळे भरले. सिताबाईला मात्र सुटल्यासारखं झालं. रंधा घरातून गेला, तिला तेवढंच हवं होतं.

दिवाळीच्या तोंडावर बाजारात शिवलिंगप्पा आला. तेरखेड्याचा जुना दारूवाला, दरवर्षी गोरोबाच्या कट्ट्याशेजारीच फुलबाज्या, भुईनळे मांडायचा. उजव्या हाताची दोन बोटं त्याच कामात गेलेली. स्वातीचा पाऊस चार दिवस चिवटपणे लागला होता, त्यामुळं गिऱ्हाईक नव्हतं. दोघं पान खात बसले आणि गोरोबानं, अर्थातच, पेटीचा विषय काढला. कशी केली, किती घट्ट बसली, हातवारे करून सांगितलं.

शिवलिंगप्पानं पान चघळायचं थांबवलं. "झाकण कसलं म्हणला, मेस्त्री?"

"सरकतं. झिरीतलं. लोखंडाचा कण न्हाय बघा. पथ्य इचारून केलंय."

"आन् त्यात आपटबाराचा मसाला ठेवत्यात?"

"मग काय, डाळ ठेवत्यात?"

शिवलिंगप्पानं पान थुंकलं. "आपटबाराला काडी लावावी लागती का, मेस्त्री?"

"न्हाय. आपटला की उडतोय."

"आपटला की, दाबला की, घासला की. जोर आला की उडतोय त्यो. आमच्यात सरकतं झाकण न्हाय चालत. कधीच न्हाय. मडकं आन् फडकं, का तर फडक्याला घासण न्हाय."

गोरोबाला राग आला. आधी रागच आला. "माझ्या झिरीत मुंगी शिरत न्हाय!"

"मुंगी नसंल शिरत. धूळ शिरती. मसाला म्हंजी धूळच हाय. रोज कणकण खोबणीत बसंल, आन् एक दिवस..." त्यानं दोन बोटं नसलेला हात मांडीवर ठेवला.

"मग माझ्या जावयाला कुणी सांगितलं कसं न्हाय?"

"काय सांगावं? असलं झाकण आमच्या गावात कुणी करतच नव्हतं. जे कुणी करतच न्हाय, ते नगं म्हणून कोण सांगंल?"

 पावसाकडं गोरोबाचं लक्ष गेलं ते तेव्हा. लाकडाची जात त्याला आपल्या हाताइतकी ठाऊक होती. चार दिवस ओल पिऊन ते झाकण आता फुगलं असणार. फुगलं की अडकणार. अडकलं की बानू बोटानं ढकलणार नाही, तळव्यानं रेटणार. त्यानं दुकान तसंच उघडं टाकलं, सिताबाईला निरोपसुद्धा दिला नाही, आणि उस्मानाबादकडं निघालेल्या यष्टीला हात केला.

तो प्रवास त्याला सरता सरेना. उस्मानाबादेत पुढची गाडी उशिरा सुटली. खिडकीच्या पडद्यातून पाणी आत येत होतं आणि गोरोबाला वाटत होतं, हे सगळं पाणी त्याच एका फळीत मुरतंय. शेजारच्या बाईच्या मांडीवर पोरगं होतं, ते खेळण्यातली काडेपेटी उघडझाप करत होतं. काडेपेटीचा खण आत, बाहेर, आत, बाहेर. गोरोबाला ते बघवेना. त्यानं पोराच्या हातून ती काढून घेतली. पोरगं रडलं, बाई भांडली, त्यानं उलटून एक शब्द काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. आपलं काम वाईट असतं तर बरं झालं असतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. झाकण ढिलं असतं, खोबण वाकडी असती, तर बानूनं ती पेटी दाणे ठेवायला घेतली असती. चांगली झाली म्हणूनच ती मसाल्याला गेली.

तेरखेड्यात उतरला तेव्हा पाऊस थांबला होता आणि ऊन पडलं होतं. गल्ली नेहमीसारखीच होती. बाया दारात बसून पुड्या वळत होत्या, कुणीतरी हसत होतं. काही झालेलं नव्हतं. गोरोबा तरी थांबला नाही. घरात बानू नव्हती. चूल पुढच्या घरात, मसाला मागच्या पत्र्याच्या खोलीत, अशी त्यांची व्यवस्था होती. तो बोळातून मागं गेला.

बानू जमिनीवर बसली होती. पेटी तिच्या दोन पायांच्या मध्ये. झाकण अर्धं उघडलेलं आणि तिथंच अडकलेलं. तिनं दोन्ही तळवे झाकणाच्या कडेला लावले होते.

ओरडावं असं त्याच्या छातीतून उसळून आलं. पण ओरडलं की माणूस दचकतो, आणि दचकलं की हात हलतो. गोरोबानं ती हाक गिळली. 

"बानूबाई," तो अगदी हळू म्हणाला.

तिनं वर पाहिलं आणि तिचं तोंड फुललं. "अगंबाई, आबा! अवचित कसं आलात? बघा की, तुमची पेटी फुगून बसलीया. पर म्या काढते, थांबा, बघाच..."

"आधी पाणी दे."

"देते की. येवढं सरकवते."

"आधी पाणी, बाई. घसा कोरडा पडलाय. बाप दारात आला आन् तू बसून बोलतीस व्हय?"

ते मात्र तिला लागलं. पाहुण्याला पाणी द्यायचं राहिलं म्हणजे काय! तिनं चटकन हात काढले, उठली आणि पुढच्या घरातून तांब्या भरून आणला. गोरोबानं तो घेतला, एक घोटही न पिता पेटीपाशी वाकला, आणि उघड्या अर्ध्या भागातून सगळं पाणी मसाल्यावर ओतलं. मग कोपऱ्यातली घागर उचलली आणि तीही ओतली, खोबणीवरून, झाकणावरून, मसाल्याचा पार चिखल होईपर्यंत.

बानूनं त्याचा हात धरला. "आबा... अवं, दिवाळीचा मसाला हुता त्यो. काय केलं हे?"

आता सांगायची वेळ होती.  लेकीनं ती पेटी पोटाशी धरलेली त्यानं पाहिली होती. तिच्यासमोर म्हणायचं, की मी मरणाची पेटी केली? गोरोबानं इकडं तिकडं पाहिलं.

"ओल धरली हुती ना, तसा खराबच झाला हुता त्यो," तो म्हणाला. "नवा मसाला आणू. म्या बोलतो मालकाशी. तू जरा च्या टाक."

बानू डोळे पुसत पुढच्या घरात गेली. बाप भिजत आलाय, त्याचं डोकं ठिकाणावर नाही, असं तिला वाटलं असणार. गोरोबा ओसरीवर टेकला. लेक वाचली होती. तेवढ्यानंच त्याचं अंग सैल पडलं, आणि खरं सांगायचं तर तो थोडा रडलाही. मग त्यानं मनाशी ठरवलं: जावई आले की त्यांना बाजूला घेऊ आणि पुरुषा-पुरुषात सांगू. पेटी फोडून जाळून टाकू. बानूला कळायचं कारण नाही. असा विचार केल्यावर त्याला बरं वाटलं. चुलीवर पाण्याला आधण येत होतं. तो भिंतीला टेकून बसला आणि डोळे मिटले.

बानूनं कपबशी पुढं केली. राग जरा निवळला होता तिचा. "आता ह्यांना काय सांगू म्या? तुमच्या पेटीचं काय कवतिक झालंय गल्लीत, ठावं हाय का? एकीनं बघितली, दुसरीनं बघितली, समद्याच ह्यांच्या मागं लागल्या. ह्यांनी तुमचा रंधा घेऊन तश्शाच करून दिल्या. पुड्या बांधून झाल्या की ह्येच काम. लई दिसांनी हसताना बघितलं म्या त्यांना."

गोरोबानं बशी खाली ठेवली. "जावई कुठं हाईत?"

"पलीकडं, प्रेमाबाईच्या घरी. तिचं झाकण बी फुगलंय. मसाला परातीत काढून शेजारीच ठिवलाय म्हणं, म्हणून झाकणाच्या कडंवरनं जरा रंधा मारून द्यायला गेलेत. पेटी रिकामी हाय, आता लोखंड लावलं तर चालतंय, म्हणले."

गोरोबा उठला. वहाणा न घालताच तो दाराकडं झेपावला, आणि उंबऱ्यातच त्याला तो आवाज आला. रंध्याचा पहिला हात. सुताराला तो कुठूनही ओळखू येतो. लांब, सलग, कुठं न अडखळणारा. काय धार होती! त्यानंच लावली होती.

"मल्लिनाथ!" तो किंचाळला.

पलीकडच्या घराचे पत्रे उचलले गेले. आधी उजेड दिसला, मग धक्का बसला, आवाज त्यानंतर कळला. गल्लीत धूर भरला आणि त्या धुरात बाया आपापल्या पोरांना हाका मारत धावू लागल्या. प्रेमाबाई विहिरीवर गेली होती म्हणून वाचली. मल्लिनाथकडं जाऊ नको, असं दोघा-तिघांनी बानूला धरून सांगितलं. धरणारांचीच तोंडं पांढरीफटक पडली होती, तेव्हा आणखी काही सांगायची गरज राहिली नाही.

गोरोबा भिंतीला धरून उभा होता. तो बोलत होता, पण कुणाला ऐकू जात नव्हतं. घराघरातून पेट्या बाहेर काढू नका, हात लावू नका, पाणी ओता, पाणी ओता, असं काहीतरी तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेवटी एका म्हाताऱ्यानं ते ऐकलं आणि मग सगळी गल्ली घागरी घेऊन धावली.

बानूनंही ते ऐकलं. तिची धडपड थांबली. धरलेले हात तिनं बाजूला केले आणि ती सावकाश बापाकडं चालत आली. डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या ओल्या धोतराकडं, मग मागच्या पत्र्याच्या खोलीकडं, जिथं तिची पेटी पाण्यानं भरून पडली होती.

"आबा," ती म्हणाली, "तुमाला ठावं हुतं. म्हणून माझ्या पेटीवर पाणी वतलंत."

त्यानं होकाराची मान हलवली.

"मग च्या हुईस्तवर का बसून ऱ्हायलात?"